पंपाची झिजलेली स्लीव्ह लेथवर करून घेताना

ठाणे जिल्ह्यात भाताची कापणी झाली की उल्हास, काळू आणि भातसा या नद्यांच्या काठी भेंडी, काकडी, मिरची अशी पिके घेतली जातात. ही पिके सर्वस्वी पंपाच्या पाण्यावर अवलंबून असतात. मार्चमध्ये भेंडी तोडणीला आलेली असताना पाण्याची पाळी चुकली तर फुले गळतात, फळे निबर होतात आणि पुढचे तोडे हातचे जातात. अशा वेळी दोष मोटारीत नसून पुष्कळदा स्लीव्ह या लहानशा भागात असतो.

स्लीव्ह म्हणजे काय?

शाफ्ट पंपाच्या बॉडीतून जेथे बाहेर येतो तेथे पाणी अडविण्यासाठी ग्लँडमध्ये दोरी, म्हणजेच पॅकिंग, भरलेली असते. दोरीच्या घासण्याने शाफ्ट झिजू नये म्हणून त्यावर धातूची नळी चढविलेली असते. तीच स्लीव्ह. नदीच्या पाण्यातील बारीक रेतीमुळे तिच्यावर खाचा पडतात. नवीन दोरी भरूनही पाण्याची धार थांबत नसेल आणि स्लीव्हवरून नख फिरविताना ते अडकत असेल, तर ती बदलावी. ग्लँड अधिक आवळल्याने खाचा वाढतात. पंप सुरू करताना याच फटीतून हवा आत शिरून पाणी सुटते. (मेकॅनिकल सील असलेल्या पंपांना ही माहिती लागू नाही.)

झिजलेल्या भागाची नक्कल करू नये

जुन्या पंपाचा सुटा भाग बाजारात मिळेलच असे नाही. मात्र ठाण्याची वागळे इस्टेट, डोंबिवली व अंबरनाथ या औद्योगिक वसाहतींच्या परिसरात लेथची लहान वर्कशॉप आहेत. गावात एखाद्या टर्नरच्या पडवीतही लेथ असू शकतो. काम अवघड नाही. चूक होते ती माप देताना. आमच्या घरच्या पंपाच्या वेळी मी जुनी स्लीव्ह नमुना म्हणून दिली आणि "अशीच करा" असे सांगितले. टर्नरने तंतोतंत तशीच केली, म्हणजे झिजलेल्या मापाची! पाणी गळतच राहिले व भेंडीची एक पाळी चुकली. दोष टर्नरचा नव्हता, माझा होता.

म्हणून पुढीलप्रमाणे मापे घ्यावीत.

१) स्लीव्हचा बाहेरचा व्यास दोरी न लागलेल्या टोकाशी मोजावा.

२) टोकही झिजले असल्यास हिशेब करावा. दोरी बसते त्या पोकळीच्या व्यासातून दोरीच्या जाडीची दुप्पट वजा करावी. उदा. पोकळी ५० मि.मी. व दोरी ८ मि.मी. असेल तर स्लीव्ह ५० - १६ = ३४ मि.मी. हवी.

३) शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने दोन-तीन ठिकाणी मोजावा. शाफ्ट वाकलेला असल्यास आधी तो दुरुस्त करावा. नाही तर नवी स्लीव्हही टिकणार नाही.

४) लांबी, चावीची खाच व टोकांचा आकार यांची नोंद करून कागदावर आकृती काढावी. टर्नरला नमुन्यासोबत हा कागद द्यावा.

लेथवरील काम

स्लीव्हसाठी गनमेटल वापरावे. साधे पितळ चालवू नये. ३४ मि.मी. स्लीव्हसाठी ४० मि.मी. व्यासाचा बार पुरतो. हायस्पीड स्टीलच्या टूलने मिनिटाला सुमारे ३० मीटर वेग ठेवावा, म्हणजे या बारसाठी २४० च्या आसपास फेरे येतात.

बार चकमध्ये बांधून तोंड सपाट करावे. ड्रिलने भोक लहान ठेवावे आणि शेवटचे माप बोअरिंग टूलने काढावे, कारण ड्रिल बाजूला सरकते व भोक मोठे करते. बार चकमधून न काढता त्याच बांधणीत बाहेरचा व्यासही कातावा आणि मगच तुकडा कापून वेगळा करावा. बार काढून पुन्हा बांधल्यास आतला व बाहेरचा गोल एका मध्यावर राहत नाहीत. मग स्लीव्ह फिरताना डगमगते व दोरी लवकर खराब होते. बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत करून कडांची धार मोडावी.

घरी लेथ चालविणाऱ्यांनी सैल बाह्या व उपरणे टाळावे, डोळ्यांवर चष्मा लावावा, चकची किल्ली चकमध्ये ठेवू नये आणि लेथ थांबल्याशिवाय माप घेऊ नये.

पैसे देण्यापूर्वी तपासणी

शाफ्ट सोबत न्यावा. स्लीव्ह हाताने सरकत बसली पाहिजे, पण हलता कामा नये. २५ मि.मी. शाफ्टसाठी ०.०२ ते ०.०३ मि.मी. फट योग्य समजावी.

बसविताना

प्रथम मोटारीचा वीजपुरवठा तोडावा. दोरीची कडी तिरपी कापून भरावीत व प्रत्येक कड्याचा सांधा आधीच्या सांध्यापासून पाव फेरा सरकवावा. ग्लँडचे नट आधी हातानेच आवळावेत. पंप चालू झाल्यावर थेंब-थेंब पाणी पडू द्यावे. त्यामुळे दोरी व स्लीव्ह थंड राहतात. मिनिटाला सुमारे ४० ते ६० थेंब ठीक आहेत. धार लागल्यास दोन्ही नट थोडे-थोडे, सारखेच आवळावेत.

मापांचा कागद जपून ठेवावा. शक्य झाल्यास एकाच वेळी दोन स्लीव्ह करून घ्याव्यात. दुसरी घरात असली म्हणजे ऐन तोडणीत पंप उघडावा लागला तरी काम एका दिवसात होते आणि पिकाची पाळी चुकत नाही.