तरोटा ओळखू या

मुलांनो, मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत आपल्या वऱ्हाडची काळी जमीन हिरवी होते. बडनेऱ्याहून आगगाडीने अकोल्याला जाताना खिडकीतून बघा. रुळांच्या कडेला, बांधावर, पडीक जागेत कोवळी रोपे दाटीने उगवलेली दिसतात. त्यांत तरोटा हमखास असतो. उर्दूत त्याला पंवाड म्हणतात. त्याला कुणी पेरत नाही, पाणी देत नाही. पण त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपण आवडीने खातो.

एकदा मी वर्गात तरोटा आणायला सांगितला. एका मुलीने रुमालात भरपूर पाला आणला. "सर, उरलेल्याची अम्मी आज भाजी करणार आहे," ती म्हणाली. मी रुमाल सोडला. वरची रोपे तरोट्याची होती. खाली मात्र दोन रोपे कासविंद्याची निघाली!

कासविंदा, म्हणजे आपली कसौंदी, हा तरोट्याचा भाऊबंदच. तुरीप्रमाणे या दोघांनाही शेंगा येतात. तुरीचे फूल फुलपाखरासारखे दिसते. यांचे फूल पिवळे, पाच सुट्या पाकळ्यांचे असते. वासावरून ओळखू म्हणाल तर फसाल. दोघांचाही पाला चुरगळला की उग्र वास येतो.

भाजी खुडण्याच्या दिवसांत फूलही नसते आणि शेंगही नसते. म्हणून पान नीट बघा. तरोट्याच्या एका पानात पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात. पर्णिका टोकाकडे रुंद व गोलसर असते. कासविंद्याची पर्णिका टोकाला निमुळती, अणकुचीदार असते. मोठ्या पानात चार-पाच जोड्या दिसतात. आता देठाकडे या. कासविंद्याच्या देठाच्या अगदी बुडाशी एक काळसर गाठ असते. तिला ग्रंथी म्हणतात. तरोट्याची ग्रंथी बुडाशी नसते, ती खालच्या पर्णिकांच्या जोडीमध्ये असते. पुढे शेंगा आल्या की काम सोपे होते. तरोट्याची शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली असते. कासविंद्याची शेंग चपटी आणि कडेने फिकट असते.

एवढी चौकशी कशाला? उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात पावसाळा सरताना लहान मुले अचानक आजारी पडत, बेशुद्ध होत. कित्येक दगावली. बरीच वर्षे हा मेंदूज्वर समजला जात होता. बिजनौर भागातील डॉक्टरांनी शोध घेतला आणि २००७ साली तो प्रसिद्ध झाला. आजारी मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खाल्ल्या होत्या!

त्या मुलीने ती दोन रोपे बाजूला काढली. मग बाकीचा पाला एकेक पान बघत ती पुन्हा रुमालात भरू लागली. सगळा वर्ग तिच्याभोवती जमला. पुढचा तास भूगोलाचा होता, तो राहूनच गेला.

शब्दार्थ : पडीक – बंजर, उग्र – तेज, दगावणे – मरणे, पर्णिका – पानातील लहान पान.

स्वाध्याय : तरोटा व कासविंदा यांची पाने वहीत काढा आणि ग्रंथी कोठे आहे ते दाखवा.