धडा : जुन्या गाडीच्या पाट्यांचे बुश

आपल्या केंद्रांवरील बहुतेक गाड्या जुन्या आहेत. धान्य, औषधे आणि प्रसंगी पेशंटही त्यांतूनच जातात. म्हणून गाडी चालविणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी या अंकात मी एका लहान भागाविषयी लिहीत आहे. तो म्हणजे पाट्यांचा बुश.

टाटा ४०७ सारख्या गाडीत पुढे-मागे पोलादी पाटे असतात. पाट्याच्या टोकाच्या गोल डोळ्यात बुश बसतो आणि त्यातून पिन जाते. पाट्याचे एक टोक चासीला स्थिर जोडलेले असते, तर दुसरे शॅकलवर झुलते. भार पडला की पाटा लांबतो, आणि ती हालचाल शॅकल सामावून घेते. हे सर्व घर्षण बुश सोसतो. पिन महाग, पाटा त्याहून महाग. झिजावे ते बुशने, म्हणूनच तो बसविलेला असतो.

बुश गेल्याची लक्षणे अशी : खड्ड्यात खडखड आवाज येतो, ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेने झिजतो. खात्री करण्यासाठी पाट्याचा डोळा आणि शॅकल यांच्यामध्ये टॉमी घालून उचकटून पाहा. ढिलाई डोळ्यांना दिसली तर घाटात उतरण्याआधी काम करून घ्या. बुश संपल्यावर पिन आणि डोळाच झिजू लागतो. पिन तुटली तर ॲक्सल सरकतो आणि स्टिअरिंग हाताबाहेर जाते.

बुश निवडताना आधी काढलेला पाहा. पिनवर ग्रीस निप्पल असेल तर तो धातूचा. भार चांगला पेलतो, पण नियमित ग्रीस मागतो. निप्पल नसेल तर बहुधा रबरी. आवाज व हादरे कमी करतो, मात्र साध्या ग्रीसने वा डिझेलने फुगून खराब होतो. पॉलियुरेथेनचा बुश टिकाऊ, पण कडक असतो, त्यामुळे हादरे अधिक जाणवतात. पेशंट नेणाऱ्या गाडीला मी मूळ प्रकारचाच बुश सुचवतो.

बदलण्याचा क्रम :

१. गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या. चाकांना ओट लावा.
२. चासीखाली भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली कोणीही जाऊ नये.
३. ॲक्सलखाली दुसरा जॅक लावून पाट्यावरचा ताण काढा, मगच पिन सोडवा.
४. जुना बुश दाबून काढा. डोळा घासून स्वच्छ करा, तडा आहे का पाहा.
५. नवा बुश शिकंज्यात सरळ दाबून बसवा. हातोड्याने ठोकल्यास तो वाकडा होतो.
६. पिनवर खाच पडली असेल तर पिनही बदला. तिच्यातील ग्रीसची वाट मोकळी करा.
७. रबरी बुशाचे नट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पूर्ण आवळा. अधांतरी आवळल्यास रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

दोन्ही बाजूंचे बुश एकाच वेळी बदलावेत, नाहीतर गाडी एकीकडे कलते. धातूच्या बुशांना ग्रीस भरताना जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत गन चालवा. पावसाळ्यात नाल्यांतून गाडी गेली की पाणी व रेती आत शिरते. तेव्हा हे काम आठवड्याला करा.

पुढील अंक येईपर्यंत प्रत्येक केंद्राने आपल्या गाडीचे आठही डोळे तपासून वहीत नोंद करावी.