टॅब की कागद? आधी चाचणीला विचार

अगं, संस्थेने टॅब आणून दिले आणि यापुढे सगळ्या मानसशास्त्रीय चाचण्या यावरच घ्या म्हणाले, म्हणून एवढी धास्तावू नकोस. कपाटातल्या उत्तरपत्रिका लगेच रद्दीत घालायच्या नाहीत आणि टॅबला नाकंही मुरडायची नाहीत. एकेक चाचणी हातात घे आणि बघ, ती नेमकं काय मोजते? निम्मा गुंता तिथेच सुटतो.

जिथे सावकाश विचार करून उत्तर द्यायचंय, तिथे तू निर्धास्त राहा. मीड आणि ड्रासगो या संशोधकांनी 1993 मध्ये क्षमता-चाचण्यांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले होते. घाई नसलेल्या चाचण्यांत कागदावरचे आणि संगणकावरचे गुण जवळजवळ जुळले, सहसंबंध 0.97. वेगाच्या चाचण्यांत मात्र तो 0.72 वर आला.

का, ते बघ. वेक्सलरच्या बुद्धिमत्ता चाचणीतल्या कोडिंग या उपचाचणीला 120 सेकंद असतात. मूल वरच्या नमुन्याकडे बघतं, खाली येऊन खूण काढतं, की परत वर बघतं. त्या गुणांत डोळा आला, हात आला, पेन्सिल धरायची सवय आली. टॅबवर नुसतं बोट टेकवायचं असेल तर ते कामच वेगळं झालं गं! मग कागदावरची मानकं त्याला कशी लावायची? एकीच्या वाटीने सांगितलेलं प्रमाण दुसरीच्या वाटीने मोजल्यासारखं होईल ते. म्हणून आधी मॅन्युअल उघड. टॅबसाठी वेगळी मानकं किंवा दोन्ही पद्धतींची तुलना दिलेली असेल तर खुशाल घे. नसेल तर कागदच. आणि छापील चाचणी टाइप करून स्वतःचा गूगल फॉर्म करायचा नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. कॉपीराइट मोडतो, प्रश्न बाहेर फुटतात आणि गुणांचा अर्थ लावता येत नाही.

मनःस्थितीच्या प्रश्नावल्यांचं वेगळं. खरं सांगू का, तिथे पडदा कधी कधी मदतच करतो. अमेरिकेत किशोरवयीन मुलांना नाजूक प्रश्न हेडफोनवर ऐकवून संगणकावर उत्तरं घेतली, तेव्हा कागदापेक्षा जास्त मुलांनी मोकळेपणाने कबुली दिली. 1998 चा अभ्यास आहे तो. शिवाय बेरजेच्या चुका टळतात, अक्षरं मोठी करता येतात. आजोबांनी टॅब पहिल्यांदाच हातात घेतला असेल तर आधी एक-दोन सरावाचे प्रश्न दे, म्हणजे झालं.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. पीएचक्यू-9 या नैराश्याच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांचा आहे. कागद असला की तो तुझ्या हातात येतो, नजर आपोआप तिकडे जाते. टॅबवरचं उत्तर थेट सिस्टिममध्ये जातं आणि रिपोर्ट तू संध्याकाळी उघडणार, तोवर माणूस घरी पोचलेला! म्हणून समोरची व्यक्ती खोलीतून उठायच्या आत ते उत्तर बघायचंच. ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं काहीही असेल, तर तिथेच बसून तिच्याशी बोल आणि पुढची सोय लागेपर्यंत तिला एकटी सोडू नकोस. टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा नंबरही लिहून दे.

आणि टॅब दिला म्हणून तू बाहेर फायलींत डोकं घालून बसू नकोस. कागदावर खाडाखोड दिसते, मुद्दाम रिकामा सोडलेला प्रश्न दिसतो. बरीच अ‍ॅप्स उत्तर दिल्याशिवाय पुढेच जाऊ देत नाहीत, मग माणूस कंटाळून काहीतरी दाबतो. बोट कुठे अडखळलं, ते तिथे बसलेल्या तुलाच कळणार. माहिती कुठे साठते, कोण बघू शकतं, हेही कंपनीकडून लेखी घे आणि संमतिपत्रात सोप्या मराठीत लिही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे.

आता दोन याद्या कर: टॅबवर चालतील त्या आणि कागदावरच राहतील त्या. प्रत्येकीपुढे मॅन्युअलमधलं कारण लिही आणि वरिष्ठांपुढे ठेव. ऐकतील गं! आणि नाही ऐकलं, तरी रिपोर्टवर सही तुझी असते, त्यामुळे ती यादी सोडू नकोस. तुला हे नीट जमेल.