खाडीतील झाडांची नाती

मालवणच्या दक्षिणेस देवबागजवळ कर्ली नदी समुद्रास मिळते. तिच्या खाडीत भरतीबरोबर खारे पाणी शिरते आणि ओहोटीबरोबर परत जाते. अशा खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांस खारफुटी म्हणतात. कोकणच्या खाड्यांत कांदळ, तिवर आणि पांढरी चिपी ही झाडे आढळतात. कांदळाचे झाड कमानदार आधारमुळांवर उभे असते. तिवर आणि चिपी यांची श्वसनमुळे खुंट्यांप्रमाणे चिखलातून वर आलेली दिसतात. पाहणाऱ्यास ही तिन्ही झाडे एकाच कुळातील भावंडे वाटावीत. पण तसे मुळीच नाही.

वनस्पतींची कुळे ठरविण्याचा प्रयत्न जुना आहे. स्वीडन देशातील कार्ल लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुख्यतः फुलांतील पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांवरून वनस्पतींचे वर्ग पाडले. पुढील शास्त्रज्ञांनी पाने, फळे, बिया अशी अनेक लक्षणे विचारात घेतली. तरीही एक अडचण उरलीच. भिन्न कुळांतील झाडे एकाच परिस्थितीत वाढू लागली, की पुष्कळदा सारखी दिसू लागतात. आणि एकाच कुळातील झाडे दूर पांगली, की ओळखू येईनाशी होतात.

मग नात्याचा खरा पुरावा कोठे शोधावा? तो झाडाच्या पेशीतच असतो. पेशीत डीएनए नावाचा दोऱ्यासारखा अतिसूक्ष्म पदार्थ असतो. त्यात चार प्रकारचे घटक अक्षरांप्रमाणे ओळीने गुंफलेले असतात. या लेखाची नक्कल एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते. पूर्वी पोथ्या हाताने उतरून घेत. एखादे अक्षर चुकले, तर त्या पोथीवरून केलेल्या नकलांतही ती चूक उतरे. ज्या पोथ्यांत अनेक चुका समान, त्या एकाच मूळ प्रतीच्या नकला होत, हे उघड आहे. डीएनएतही असेच लहान बदल घडतात आणि वंशात टिकून राहतात. ते ताडून पाहिले म्हणजे कोणत्या वनस्पती एका पूर्वजापासून निघाल्या, हे कळते.

१९९३ मध्ये ४२ शास्त्रज्ञांनी मिळून ४९९ वनस्पतींमधील एकाच जनुकाची अशी तुलना केली. १९९८ मध्ये या पद्धतीवर आधारलेले सपुष्प वनस्पतींचे नवे वर्गीकरण प्रसिद्ध झाले. पुढे त्यात वेळोवेळी सुधारणा होत गेल्या.

या शोधाने खाडीतील झाडांचे खरे नातलग उजेडात आले. चिपीचे कुळ पूर्वी निराळे मानीत. आता ती मेंदी, डाळिंब आणि तामण यांच्या कुळात गणली जाते. गोड्या पाण्यातील शिंगाडा तर तिचा अगदी निकटचा आप्त ठरला. डाळिंबाच्या टोकावरील मुकुट आणि चिपीच्या फळाच्या बुडाशी असलेली चांदणी, ही दोन्ही फुलाच्या न गळलेल्या निदलांचीच बनलेली असतात. तामण हे महाराष्ट्राचे राज्यफूल असून २०२० मध्ये पांढऱ्या चिपीस राज्याच्या खारफुटी वृक्षाचा मान मिळाला. तिवराचे झाड अबोली आणि अडुळसा यांच्या कुळातील निघाले. कांदळाचे कुळ या दोहोंहून वेगळे. ते एरंडाच्या कुळाबरोबर एकाच गणात मोडते.

खाडीत जवळजवळ वाढणारी ही झाडे केवळ शेजारी आहेत; त्यांचे भाऊबंद अंगणात, परसात आणि रानात आहेत. खाऱ्या चिखलात जगण्याची विद्या प्रत्येक वंशाने स्वतंत्रपणे मिळविली आहे. तिवराचे झाड पानांवाटे मीठ बाहेर टाकते, तर कांदळाचे झाड बरेचसे मीठ मुळाशीच अडविते. म्हणून खारफुटीवर कुऱ्हाड पडते, तेव्हा एकाच प्रकारचे रान नष्ट होत नाही. निरनिराळ्या वंशांनी असंख्य पिढ्यांत कमावलेला ठेवा त्याबरोबर नाहीसा होतो. तो जपणे हे खाडीकाठच्या प्रत्येकाचे कर्तव्य होय.