काबूलचे सोने आणि गप्प राहिलेली माणसे

प्रश्न : तालिबानने बामियानचे बुद्ध उडवले, काबूलचे संग्रहालयही लुटले गेले. मग बॅक्ट्रियाचे प्रसिद्ध सोने कसे काय वाचले? आणि ज्यांना त्याचा ठावठिकाणा माहीत होता त्यांनी इतकी वर्षे आपल्याच देशाला अंधारात ठेवले, हे योग्य होते का?
– एक वाचक, जालना

उत्तर : सोने वाचले, कारण ते कुठे आहे हे ठाऊक असलेल्या मूठभर माणसांनी कोणाजवळ ब्र काढला नाही. पैसा, धाक, उपासमार यांपैकी कशानेही त्यांचे तोंड उघडले नाही.

उत्तर अफगाणिस्तानात, म्हणजे जुन्या बॅक्ट्रियात, शिबरघानजवळ तिल्या तेपे नावाचे टेकाड आहे. तिथे १९७८-७९ मध्ये व्हिक्टर सारियानिदी यांच्या सोव्हिएत-अफगाण पथकाला दोन हजार वर्षांपूर्वीच्या सहा कबरी सापडल्या. पाच स्त्रियांच्या, एक पुरुषाची. त्यांत सोन्याचे वीस हजारांहून अधिक नग होते. एका मुकुटावरची सोन्याची झाडे सुटी करून ठेवता येतात. घोड्यावर संसार घेऊन फिरणाऱ्या लोकांचा मुकुट तो! सारा ऐवज काबूलला आला आणि १९७९ अखेर सोव्हिएत फौजाही देशात शिरल्या.

त्या फौजा फेब्रुवारी १९८९ मध्ये परतल्या. पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज संग्रहालयातल्या लोकांना आला होता. त्यांचे संग्रहालय दारुलअमानला, शहराच्या पार टोकाला. त्यांनी राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला यांच्या संमतीने निवडक वस्तू पेट्यांत भरल्या आणि गुपचूप हलवल्या. सोने गेले राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादातल्या मध्यवर्ती बँकेच्या तळघरात. किल्ल्या राहिल्या तहविलदारांकडे. अफगाणिस्तानात तहविलदार आपल्या ताब्यातल्या वस्तूला स्वतः जबाबदार असतो आणि त्याच्यामागे ती जबाबदारी घरातल्या थोरल्या मुलाकडे जाते, अशी रीत सांगतात.

१९९२ मध्ये नजीबुल्लांची सत्ता गेली आणि टोळ्यांनी काबूल वाटून घेतले. मे १९९३ मध्ये संग्रहालयावर रॉकेट पडले, छत जळाले, आणि मग लूट सुरू झाली. १९९६ मध्ये तालिबानने शहर घेताच नजीबुल्लांना ठार केले. या सगळ्या काळात सोन्याबद्दल बाजारात नाना वावड्या होत्या: रशियनांनी मॉस्कोला नेले, कोणा सरदाराने वितळवले, संग्रहालयवाल्यांनीच विकून खाल्ले. मला या माणसांचे सर्वांत मोठे मोल इथे वाटते. चोरीचा आळ खोडून काढायला एक वाक्य पुरले असते. ते त्यांनी उच्चारले नाही, कारण त्या अफवाच सोन्याला राखत होत्या. गेलेल्या वस्तूचा शोध कोण घेतो?

बँकेतल्या एका कर्मचाऱ्याने पुढे पत्रकारांना सांगितले की, तिजोरीच्या कुलपात त्याने मुद्दाम किल्ली मोडून ठेवली होती. तालिबान पळून जाताना दार उघडायला धडपडले, दार उघडले नाही. त्या तिजोरीत देशाच्या सोन्याच्या विटाही होत्या.

अशी माणसे संग्रहालयापुरती नव्हती. डॉ. मोहम्मद युसूफ आसेफी हे वैद्य आणि चित्रकार. सजीवांची चित्रे तालिबानला चालत नसत, म्हणून डागडुजीच्या निमित्ताने त्यांनी राष्ट्रीय कलादालनातल्या तैलचित्रांमधली माणसे आणि जनावरे जलरंगाने झाकली. राजवट गेल्यावर ओल्या स्पंजाने पुसून ती पुन्हा उघडी केली. पकडले गेले असते तर काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको.

पाषाणमूर्तींचे मात्र असे काही करता आले नाही. २००१ च्या सुरुवातीला संग्रहालयात उरलेल्या मूर्तींवर हातोडे चालले. मौनाने जे वाचले त्याच्याबरोबर हेही ध्यानात ठेवायला हवे.

ऑगस्ट २००३ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हामिद करझाई यांनी पेट्या शाबूत असल्याचे जाहीर केले. २००४ मध्ये तिजोऱ्या करवतीने कापाव्या लागल्या. सारियानिदी समोर होते. बाहेर आलेल्या एका दागिन्याला पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः तारेने केलेली दुरुस्ती तशीच होती. ती पाहून त्यांनी खूण पटवली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे : होय, योग्य होते. त्या काबूलमध्ये लोकांना सांगणे म्हणजे बंदूकवाल्यांना सांगणे. ज्याच्या हाती शहर, त्याला पैशाची निकड, आणि सोने तासाभरात वितळते. सरकारी गुपितांबद्दल मला एरवी संशय वाटतो. बहुतेक गुपिते कोणाचे तरी पाप झाकतात. इथे लपवणाऱ्यांनी स्वतःसाठी काही ठेवले नाही, आणि वेळ येताच सगळे मोजून पाहू दिले.

तुम्ही जालन्याचे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. याच संग्रहालयात काबूलच्या उत्तरेला बेग्राम इथे सापडलेले भारतीय हस्तिदंती कोरीवकाम होते. त्याची तुलना इटलीतल्या पाँपेईच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी करतात, आणि त्या मूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती तुमच्या भोकरदनच्या उत्खननात निघाली आहे. बेग्रामचे काही नग पेट्यांत वाचले, बरेच चोरीला गेले. त्यांतले वीस नग एका दात्याने बाजारातून विकत घेतले, ब्रिटिश म्युझियमने त्यांची डागडुजी केली, आणि २०१२ मध्ये ते काबूलला परत गेले.