साखळीत चौथं कॉलेज घेण्यापूर्वी

पोलादपूरचं सुंदरराव मोरे, महाडचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गोरेगावचं दोशी वकील ही तीन महाविद्यालयं धरून कबड्डीची साखळी खेळवायची, तर घरचे आणि बाहेरचे मिळून 6 सामने होतात. चौथं कॉलेज आलं की 12, पाचवं आलं की 20. ‘एकच तर संघ वाढला’ म्हणणाऱ्यांचं अंदाजपत्रक इथेच कोलमडतं. नवा संघ तिघांकडे येतो, तसे तिघेही त्याच्या गावी जातात. म्हणजे 6 फेऱ्या वाढल्या.

मग चौथं कोण, खेड की महाबळेश्वर? पोलादपूरहून दोन्ही चाळीसेक किलोमीटर. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीला 6 किलोमीटरच्या टप्प्याचे साधारण 10 रुपये पडतात. 7 टप्प्यांचे 70. बारा खेळाडू, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक अशा 14 जणांचं जाऊन-येऊन भाडं 1,960. मुलींचा संघ असेल आणि सोबत शिक्षिका असतील, तर महिलांच्या अर्ध्या तिकिटामुळे 980. महाडच्या संघाला पूर्ण तिकिटाने जाऊन-येऊन माणशी आणखी 60 रुपये. पंचांचं मानधन आणि जेवण वेगळं.

भाडं सारखं असलं तरी रस्ता सारखा नाही. 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरच्या वाटेवरच्या आंबेनळी घाटात दरीत कोसळली, एकच जण वाचला. जुलै 2021 च्या पावसात दरडी येऊन हा घाट बंद पडला होता. खेडच्या वाटेवर कशेडीच्या बोगद्यामुळे घाटाची वळणं टळतात. महाबळेश्वरात दुपारचा सामना लांबला, तर हिवाळ्यात अंधारात घाट उतरायचा किंवा मुक्काम करायचा. आणि पर्यटनाच्या गावी 14 जणांचा मुक्काम एसटीच्या भाड्याच्या कितीतरी पुढे जातो.

आणखी एक. आपल्या तिन्ही कॉलेजांसारखंच खेड मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतं, महाबळेश्वर सातारा जिल्ह्यात असल्याने कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या. परीक्षांचं आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचं वेळापत्रक वेगळं, त्यामुळे तारखा जुळवतानाच दमछाक होते.

माझं मत स्पष्ट आहे: साखळीत खेडला घ्या. महाबळेश्वरची मुलं आपल्या मुलांना नवा खेळ दाखवतील हे खरं, म्हणून त्यांना जानेवारीत एका दिवसाच्या सामन्यासाठी पोलादपूरला बोलवा, सकाळी खेळवा, जेवू घाला आणि उजेडात परत पाठवा. निमंत्रणपत्र लिहिण्याआधी एसटी स्थानकात जाऊन आजचं भाडं आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ लिहून आणा.