खेळातून वाणी : बालकाच्या भाषाविकासाचे नियोजन

मूल वेळ आली की आपोआप बोलू लागते, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. "याचे वडीलही उशिराच बोलले," असे म्हणून घरची मंडळी वाट पाहतात. काही मुले पुढे बोलतातही; परंतु कोणते मूल आपोआप सावरेल हे आधी निश्चित सांगता येत नाही. ज्या बालकाला मदतीची गरज असते, त्याची भाषा शिकण्याची सर्वांत अनुकूल वर्षे या प्रतीक्षेत निघून जातात.

वेळीच ओळख

साधारणतः एक वर्षाच्या सुमारास मूल पहिला अर्थपूर्ण शब्द उच्चारते, दोन वर्षांचे होता होता दोन शब्द जोडते आणि तीन वर्षांचे झाल्यावर लहान वाक्ये बोलते. यात थोडेफार मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. मात्र दोन वर्षे पूर्ण होऊनही दोन शब्द जोडले जात नसतील, किंवा येत असलेले बोलणे मूल विसरत असेल, तर तपासणी लांबवू नये.

सर्वप्रथम श्रवणतपासणी व्हावी. टाळीच्या आवाजाला मूल वळून पाहते, म्हणून त्याला सर्व ऐकू येते असे मानणे योग्य नव्हे; मंद बोलणे किंवा काही विशिष्ट ध्वनी ऐकू न येणारे मूलही टाळीला वळते. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील बालकांची तपासणी करतात. विकासातील विलंब आढळलेल्या बालकास पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची त्यात तरतूद आहे.

खेळाची आखणी

निदान करणे व उद्दिष्ट ठरविणे हे वाचा व भाषा उपचारतज्ज्ञाचे कार्य होय. दैनंदिन सराव मात्र घरी व अंगणवाडीतच होणार, आणि या वयात सरावाचे स्वाभाविक साधन खेळ हेच आहे. खेळ मोकळा असला तरी त्यामागील योजना निश्चित असली पाहिजे.

समजा, तीन वर्षांचे एक बालक मोजके सुटे शब्द बोलते व बाकी सर्व खुणेने मागते. त्याच्यासाठी "दोन शब्द जोडणे" एवढेच उद्दिष्ट ठेवावे. भातुकलीत "पाणी दे", "भात वाढ", चेंडूच्या खेळात "चेंडू टाक" अशी थोडीच वाक्ये निवडावीत. मोठ्याने मुलाच्या समोर, त्याच्या नजरेच्या पातळीवर बसावे. वाक्य बोलून कृती करावी. चेंडू हाती धरून मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबावे. मूल "चेंडू" एवढेच म्हणाले तर "हो, चेंडू टाक" असे पूर्ण करून चेंडू लगेच टाकावा. "आधी बोल, मग देतो" असा हट्ट धरू नये; त्याने मूल बोलण्यालाच भिते. दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत.

प्रत्येक खेळानंतर मूल आपणहून बोलले, ऐकून बोलले की खुणेने सांगितले, एवढी नोंद वहीत ठेवावी. दीड-दोन महिन्यांनी ती तज्ज्ञास दाखविल्यास उद्दिष्ट बदलणे सुलभ होते.

साधने व घरची भाषा

महागड्या खेळण्यांची यासाठी आवश्यकता नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा परिसरातील सहज मिळणाऱ्या वस्तूंनाच शिक्षणसाधनांचे स्थान दिले. बोळकी, बिया, पाने, चिंध्यांची बाहुली यांतून भाषा फुलते. घरी कोरकू, भिली किंवा अहिराणी बोलली जात असेल, तर खेळही त्याच भाषेत व्हावा. घरची भाषा बंद केल्याने मराठी लवकर येत नाही. उलट मुलाचा पायाच ढळतो.

ग्रामस्तरावरील कर्तव्य

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा स्पष्ट समावेश आहे. अंगणवाडी सेविकेने शंका नोंदविल्यावर पालकांना जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यास साहाय्य करणे, बुडणाऱ्या मजुरीचा व प्रवासखर्चाचा विचार करणे आणि बालक दुसऱ्या तपासणीस गेले की नाही हे पाहणे, ही कामे पंचायत सदस्य व शिक्षकांनी आपली मानली पाहिजेत. पहिलीच्या वर्गात मुके बसून राहणारे मूल पुष्कळदा मंदबुद्धीचे समजले जाते. त्याच्या वाट्याला हा शिक्का येऊ नये, यासाठी शाळेपूर्वीची ही वर्षेच उपयोगात आणावयास हवीत.